कापण्याआधी पडद्यावर कापलेला जबडा

घराच्या धाब्यावरून पडलेलं पोर हनुवटीवर आपटतं. दोन टाके पडतात, जखम भरते, घरचे निर्धास्त होतात. पण हनुवटीला बसलेला मार हाडातून थेट कानापुढच्या सांध्यापर्यंत पोचलेला असतो. तो सांधा मोडला आणि तसाच राहिला, तर काही महिन्यांत तिथे हाड वाढतं आणि जबडा कवटीला जखडतो. कान बराच काळ वाहत राहिला तरी हे होऊ शकतं. मग कळण्याची भाकर दुधात कुस्करून दातांच्या फटीतून ओढून घ्यावी लागते. हनुवटी वाढत नाही, चेहरा मागे राहतो, झोपेत श्वास अडकतो.

इलाज शस्त्रक्रियेचाच. तोंड उघडत नसल्यामुळे भूल देण्याची नळीसुद्धा नाकातून, दुर्बिणीच्या आधाराने घालावी लागते. वाढलेल्या हाडाच्या आतल्या अंगाला मॅक्झिलरी धमनी चिकटून असते आणि वर कवटीचा पातळ तळ. सर्जनला बाहेरून दिसतो तो हाडाचा एक गोळा. सांधा कुठे संपला आणि कवटी कुठे सुरू झाली, हे डोळ्याला कळत नाही.

संगणक इथे कामाला येतो. सीटी स्कॅनच्या बारीक कापांतून जबडा त्रिमितीत उभा राहतो. हिरडीखालचे दातांचे कोंब आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस वेगळ्या रंगात दाखवता येते. मग पडद्यावर हाड कापून पाहायचं: छेद या कोंबावरून जातो? थोडा मागे घ्या. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड कबान आणि मारिया ट्रुलिस यांच्या गटाने २००२च्या सुमारास अशी योजना-प्रणाली मांडली. त्याच शहरात ब्रिगहॅम रुग्णालय आणि एमआयटी यांनी १९९८च्या आसपास सुरू केलेलं ‘थ्रीडी स्लायसर’ आज कोणालाही फुकट मिळतं. ते संशोधनासाठी आहे, रुग्णावर वापरायचं तर जबाबदारी डॉक्टरची. पण शिकायला पैसा आड येत नाही, एवढं खरं.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर दुसरं यंत्र असतं. कवटीला बसवलेल्या चौकटीवर आणि सर्जनच्या हातातल्या टोकदार दांडीवर चकाकणारे गोळे असतात. अवरक्त कॅमेरा ते टिपतो आणि दांडीचं टोक स्कॅनवर नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, गाडीतल्या नकाशासारखं. चूक साधारण एक-दोन मिलिमीटरची. खालचा जबडा हलतो म्हणून एरवी या यंत्राची पंचाईत होते. जखडलेला जबडा मात्र कवटीबरोबर स्थिर असतो, त्यामुळे रोगच यंत्राला मदत करतो! हाड सुटलं की ही सोय संपते. त्यानंतर यंत्राचा भरवसा फक्त कवटीच्या तळापुरता.

मागे राहिलेली हनुवटी पुढे आणायची पद्धत निराळी. हाडाला छेद देऊन त्यावर स्क्रू बसवतात आणि तो रोज एक मिलिमीटरभर फिरवतात. गाव्रिल इलिझारोव्ह यांनी हातापायांच्या हाडांसाठी सिद्ध केलेली ही रीत न्यूयॉर्कच्या जोसेफ मॅकार्थी यांनी मुलांच्या जबड्यावर वापरली आणि १९९२ साली ते प्रसिद्ध केलं. पंधरा मिलिमीटर हवे असतील तर पंधरा दिवस फिरवणं आणि नवं हाड पक्कं होण्यासाठी पुढे त्याच्या दुपटीहून जास्त काळ थांबणं. स्क्रूची दिशा संगणकावर ठरते. स्क्रू फिरवतात मात्र आईवडील. खानदेशातल्या चोपड्याच्या वरच्या पाड्यावरून एसटीने तपासणीला येणाऱ्या बापाची मजुरी कुठल्याही सॉफ्टवेअरात धरलेली नसते. आणि पोर वाढतंच असतं, म्हणून आजचा नकाशा आजच्यापुरता. कापलेल्या सांध्याच्या जागी बरगडीच्या कूर्चेतून केलेला नवा सांधा कधी कमी वाढतो, कधी जास्त. मुलाला पुन्हापुन्हा सीटीचे किरणही देववत नाहीत.

माझं मत विचाराल तर खानदेशाची अडचण यंत्राची नंतर, उशिराची आधी आहे. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जळगावचं २०१८ पासून. धुळ्यात दंत महाविद्यालयही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात; तिथेच तोंड नीट उघडतं का ते पाहिलं तर उशीर टळू शकतो. हयगय पुढेही चालत नाही: शस्त्रक्रियेनंतर रोज तोंड उघडण्याचा व्यायाम, दुखत असतानाही, महिनोन्‌महिने करावा लागतो. तो चुकला तर सांधा पुन्हा जखडू शकतो.

तेव्हा मूल हनुवटीवर पडलं तर टाक्यांवर समाधान मानू नका. त्याचीच तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील, किंवा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकत असेल, तर त्याच आठवड्यात जबड्याच्या सर्जनला दाखवा.