नांगर उचलेना, दोष कुणाचा?

बीड जिल्ह्यात शिरूर कासारच्या आसपास, सिंदफणेच्या काठच्या काळ्या रानात, चांगला पाऊस पडून गेला की काही दिवसांनी वाफसा येतो. पेरणीपूर्वीची मशागत या मोजक्या दिवसांतच उरकावी लागते. जमीन वाळली तर फण शिरत नाही आणि पुन्हा पाऊस आला तर ट्रॅक्टर चिखलात फसतो. नेमका अशाच वेळी वीस-पंचवीस वर्षांचा जुना ट्रॅक्टर हटून बसतो. इंजिन धडधडते, चाके फिरतात, पण मागचा मोगडा काही केल्या वर उठत नाही. "पंप गेला," असे कोणीतरी सांगून मोकळे होते आणि नव्या पंपासाठी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. मित्रांनो, पंप बदलूनही न उठलेली लिफ्ट मी पाहिली आहे. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी आपण थोडे पदार्थविज्ञान हाती घेऊ.

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही वाचला असेल. पास्कलचा याविषयीचा ग्रंथ 1663 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावरचा एक माणूस शंभरपट मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असे त्याने त्यात दाखवून दिले होते. ट्रॅक्टरच्या लिफ्टमध्ये हेच घडते. समजा, सिलिंडरमधील दट्ट्याचा व्यास 8 सेंमी आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौ. सेंमी भरेल. तेलाचा दाब दर चौ. सेंमीला 150 किलो असेल, तर दट्ट्यावर 7500 किलो भाराइतके बळ पडते. पुढे तरफांमुळे बळ घटते आणि अंतर वाढते. तरीही हातांच्या टोकाशी हजारभर किलो उचलण्याइतके बळ उरते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पंप तेल ढकलतो. दाब निर्माण होतो तो अडथळ्यामुळे. सायकलचा पंप नुसता हवेत मारून पाहा, दांडा सहज खाली जातो. तोच घट्ट भरलेल्या ट्यूबला लावा, म्हणजे हात भरून येतील. म्हणून लिफ्टची पहिली परीक्षा अशी: मोगडा सोडून ठेवा आणि मोकळे हात उठतात का पाहा. मोकळे हात उठतात, पण ओझे जोडताच थांबतात, याचा अर्थ तेल येत आहे. मात्र दाब वाढला की ते दुसऱ्याच वाटेने निसटते. ही वाट झिजलेल्या पंपातून असेल, फाटलेल्या सीलमधून असेल किंवा सुरक्षा झडपेची स्प्रिंग ढिली पडली असेल.

मोकळे हातही हलत नसतील तर आधी साधी कारणे पाहा. तेलाची पातळी किती आहे? तेल पंपात 'ओढले' जाते असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब त्याला आत ढकलतो आणि हा दाब दर चौ. सेंमीला जेमतेम 1 किलो! शोषणाच्या बाजूची जाळी गाळाने बुजली की एवढ्याशा दाबाने तेल पुरेसे पोहोचत नाही. पंप कण्हू लागतो, हात धक्के खात उठतात. पातळी उतरली असेल तर तेलाबरोबर हवाही शिरते. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पुन्हा धक्के. तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे असे समजावे.

जुन्या फर्ग्युसन वळणाच्या ट्रॅक्टरांत आणखी एक गंमत आहे. हॅरी फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर यांना तीन बिंदूंत जोडून लिफ्टने एकजीव केले. 1936 सालच्या त्याच्या ट्रॅक्टरात ही रचना होती. तिचे वारसदार पुढे आपल्याकडे मद्रासच्या टॅफे कंपनीने आणले. यांतील जुन्या प्रकारांत लिफ्टचा पंप पीटीओच्या दांड्यावर चालतो. पीटीओचा दांडू चुकून सुटलेला असेल तर पंप फिरतच नाही. पंप धडधाकट, आणि शोध मात्र नव्या पंपाचा! शिवाय या लिफ्टला मातीचा विरोध कळतो. जमीन कडक लागली की ती नांगर थोडा आपोआप उचलते. हा तिचा गुण आहे, बिघाड नव्हे.

सकाळी उठणारी लिफ्ट दुपारी मान टाकते, ही तक्रार तर नेहमीची. तेल तापले की पातळ होते आणि फटीतून अधिक वाहते. अशा अरुंद फटीतील गळती फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट, तर गळती आठपट. लिफ्ट सकाळी ठीक आणि दुपारी ढिली असेल तर झिजेचा संशय घ्यावा. पातळ तेल हे केवळ ती झीज उघडी पाडते.

इंजिन बंद केल्यावर उचललेला मोगडा हळूहळू खाली येत असेल तर पंपावर आळ घेण्याची घाई करू नका. तेव्हा पंप फिरतच नसतो. तेल कोंडून धरणारी झडप किंवा दट्ट्याचे सील तपासायला हवे. इंजिन चालू असताना हात थोडे उतरून पुन्हा उचकी दिल्यासारखे उठतात, तेही याच कारणाने.

मात्र ही तपासणी करताना उचललेल्या अवजाराखाली कोणीही डोके घालू नये, घरातील मोठ्यांनीही नाही. जी झडप गळते तीच त्या ओझ्याला धरून असते. काम करायचे असेल तर अवजार जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. बारीक छिद्रातून निसटणाऱ्या तेलाची धार बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. एवढ्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते.

घरी ट्रॅक्टर असेल तर वडिलांना किंवा चालकाला सोबत घेऊन एक प्रयोग करा. मोगडा वर उचलून इंजिन बंद करा. शेजारी एक काठी रोवा, पट्टीने तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि चार पावले दूर उभे राहून दर पाच मिनिटांनी हातांची उंची टिपा. एकदा सकाळी गार तेलावर, एकदा दुपारी कामावरून आल्यावर. वेळ आणि उंची यांचे दोन आलेख एकाच कागदावर काढा आणि दुपारची रेषा किती जास्त उतरते ते मेकॅनिकला दाखवा.