आपल्या नावावर दुसऱ्याचा धंदा

व्यापारी आणि कारागीर बंधूंनी कागदपत्रे का जपावीत

गल्ल्यातील रोकड चोरीला गेली तर त्याच रात्री कळते. नाव चोरीला गेले तर नोटीस हातात पडेपर्यंत कळत नाही. आमच्या कापडाच्या धंद्यात माल नावावर मिळतो, उधारी नावावर चालते. ते नाव आज आधार कार्ड, पॅन कार्ड आणि मोबाईल नंबर या तीन गोष्टींत आले आहे. या तिन्ही दुसऱ्याच्या हाती लागल्या तर तो आपल्या नावाने काहीही करू शकतो.

डिसेंबर २०१८ मधील मुंबईचे प्रकरण पाहा. माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मोबाईलवर मध्यरात्री सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तो सिम बंद. बँकेत चौकशी केली तेव्हा २८ व्यवहारांत १ कोटी ८६ लाख रुपये निघून गेल्याचे कळले. अशा प्रकारात चोर आपली माहिती आधीच गोळा करतो आणि ‘सिम हरवले’ असे कंपनीला सांगून आपल्याच नंबरचे नवे सिम मिळवतो. आपले सिम बंद पडते आणि बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जातो.

दुसरे प्रकरण यंत्रमागाच्या मालेगावचे. हे गाव आपल्या बाजाराला परके नाही. तेथील एका सहकारी बँकेच्या शाखेत डझनभर तरुणांच्या नावे खाती उघडली गेली आणि त्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरले. नोकरीची, कामधंद्याची आशा दाखवून आपली कागदपत्रे घेतली, अशी तक्रार तरुणांनी केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुन्हा दाखल झाला, ईडीने छापे घातले. पैसा कोणाचा हे तपासात ठरते, पण पहिली विचारणा खातेदारालाच होते.

तिसरा प्रकार जीएसटीचा. २०२३ च्या सुरुवातीला गुजरातमधील पालिताणा येथे गोरगरिबांना सरकारी योजनेचे पैसे मिळतील असे सांगून आधार केंद्रावर नेले गेले. तेथे त्यांचे अंगठे घेऊन आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदलला आणि त्यांच्याच नावे जीएसटी नोंदणी काढून खोट्या बिलांचा धंदा चालवला, असे तपासात उघड झाले. ज्याने कधी दुकान पाहिले नाही तो कागदावर लाखोंची उलाढाल करणारा व्यापारी झाला.

आता आपण काय करतो ते पाहू. तुर्भे, कोपरखैरणे, पनवेलकडे शिलाईचे, जरीचे काम करणारा कारागीर खोली भाड्याने घेताना आधारची झेरॉक्स देतो. सिम घेताना देतो, कर्जाच्या एजंटला देतो. खराब निघालेली झेरॉक्स दुकानाच्या टेबलावर तशीच टाकून येतो. चेकवर रक्कम लिहिल्याशिवाय सही न करणारे आपण, कोरी झेरॉक्स मात्र सही करून देतो!

आमच्या मते पुढील सवयी प्रत्येकाने लावून घ्याव्यात.

झेरॉक्सवर लिहा. कोणाला, कशासाठी आणि कोणत्या तारखेला दिली, हे छापील मजकुरावरून आडवे लिहून सही करावी. याने चोरी अशक्य होत नाही, पण तोच कागद दुसरीकडे चालवणे अवघड होते. जेथे चालेल तेथे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

अंगठा जपा. आधारच्या यंत्रावर अंगठा देण्याआधी तो कशासाठी ते विचारावे. गरज नसेल तेव्हा अंगठ्याचे ठसे ‘लॉक’ करून ठेवण्याची सोय आधारमध्ये आहे.

नंबर जपा. आधार व बँकेला आपलाच नंबर जोडलेला असावा, एजंटचा किंवा मुकादमाचा नको. अचानक सिम बंद पडले तर ‘नेटवर्क गेले असेल’ म्हणून स्वस्थ बसू नये. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारावे.

खाते भाड्याने देऊ नका. ‘तुमच्या खात्यात पैसे येतील, कमिशन घ्या’ असे कोणी म्हटले, तो नातलग असला तरी, नाही म्हणावे.

वर्षातून एकदा तपासा. संचार साथी या सरकारी सेवेवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकले की त्यावर किती नोंदण्या आहेत ते कळते. आपल्या नावावर न घेतलेले कर्ज आहे का, हे सिबिलच्या अहवालात दिसते, आणि तो वर्षातून एकदा मोफत मिळतो. स्वतःला जमत नसेल तर घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून करून घ्यावे, वाटेल त्या दुकानात बसून नव्हे.

एवढे करूनही फसगत झालीच तर लाजेने गप्प राहू नये. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा, बँकेला लेखी कळवावे आणि पोचपावती घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याला महत्त्व दिले आहे: खातेदाराची चूक असली तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे तासातासाला किंमत आहे. जीएसटी नोंदणी खोटी निघाली तर जीएसटी कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोलीस ठाण्यातही नोंद करावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी नुसार दुसऱ्याची ओळख चोरणे हा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाचा गुन्हा आहे.

कारखानदार आणि दुकानदारांवर तर दुहेरी जबाबदारी आहे. कामगारांच्या आधारच्या प्रती आपल्याकडे असतात. त्या अमानत समजून कुलपात ठेवाव्यात, काम संपल्यावर फाडून टाकाव्यात. आपल्या दुकानातून गेलेल्या कागदावर एखाद्या गरीब कारागिराला नोटीस आली, तर त्याची रोजी बुडेल आणि आपली साखही जाईल.