अंगठ्याच्या टप्प्यातले पान

पहिला आयफोन जून २००७मध्ये विक्रीला आला तेव्हा त्याचा पडदा ३२० पिक्सेल रुंद होता आणि बहुतेक वेबसाइट संगणकाच्या रुंद पडद्यासाठी बांधलेल्या होत्या. अ‍ॅपलने त्यावर तोड काढली. पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून फोनमधला सफारी ब्राउजर ते मांडायचा आणि मग पडद्यात मावेल इतके बारीक करून दाखवायचा. पान अख्खे दिसे, पण वाचता येत नसे. दोन बोटांनी मजकूर मोठा करायचा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवायचे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणायचे. या गृहीतकातून सुटण्यासाठी अ‍ॅपलनेच ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ दिली. फोनची जितकी रुंदी तितकीच पानाची धर, असे ती ब्राउजरला सांगते. ज्या पानात ही ओळ नाही ते आजही फोनवर मुंगीएवढ्या अक्षरांत उघडते. याच ओळीत चिमटीने पान मोठे करण्याची सोय बंद करण्याचीही तरतूद आहे आणि मांडणी बिघडू नये म्हणून अनेक जण ती बंद करून टाकतात. साठीच्या पुढच्या वाचकावर हा सरळ अन्याय आहे.

पुढची काही वर्षे मोठ्या संस्थांनी मोबाइलसाठी वेगळी, धाकटी वेबसाइट ठेवली. दोन ठिकाणी मजकूर सांभाळणे कोणालाच जमत नसे आणि धाकटी साइट कायम अर्धवट राहत असे. मे २०१०मध्ये ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-नियतकालिकात इथन मार्कॉट या अमेरिकी डिझायनरने यातून बाहेर पडण्याचा मार्ग मांडला आणि त्याला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ असे नाव दिले. रकान्यांची रुंदी पिक्सेलऐवजी टक्क्यांत द्यायची, चित्र आपल्या चौकटीबाहेर जाऊ द्यायचे नाही आणि पडद्याच्या रुंदीनुसार मांडणीचे नियम बदलायचे. पुढच्याच वर्षी ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाची वेबसाइट या पद्धतीने उभी राहिली. वेबपानाला कागदासारखी ठरलेली रुंदी नसते आणि तेच त्याचे बळ आहे, हे जॉन ऑलसॉपने त्याच नियतकालिकात २०००मध्येच लिहून ठेवले होते. आयफोन यायला तेव्हा सात वर्षे होती!

पण रुंदी जमली की काम झाले, हा समज फार पसरला आहे. डिझायनर ल्यूक व्रोब्लेव्हस्की २००९पासून सांगत होता की आराखडा आधी मोबाइलचाच करा. छोट्या पडद्यावर एका वेळी एकच गोष्ट नीट दिसते, त्यामुळे वाचक कशासाठी आला आहे हे ठरवावेच लागते. दवाखान्याच्या साइटवर वेळ आणि फोन नंबर आधी हवा. संचालकांचे मनोगत खाली गेले तरी चालेल. संगणकाच्या पडद्यावर हा निर्णय टाळता येतो, फोनवर तो टाळला की वाचक सरकवत बसतो.

बोटाचेही तसेच. माउसचा बाण टोकदार असतो, अंगठा नसतो. अ‍ॅपलच्या मार्गदर्शनात दाबण्याची जागा किमान ४४ पॉइंट लांब-रुंद असावी असे आहे. सुलभतेच्या जागतिक निकषांची २०२३ची आवृत्ती किमान २४ पिक्सेलवर समाधान मानते. माझ्या मते ही फारच खालची मर्यादा आहे. त्याहून त्रासदायक म्हणजे हलणारे पान. बातमीच्या दुव्यावर बोट टेकवावे, तेवढ्यात वर जाहिरात उतरावी आणि बोट भलत्याच ठिकाणी पडावे. चित्राची आणि जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली तर हे टळते.

मराठी साइटचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. आपण साचे घेतो ते बहुधा इंग्रजीसाठी घडलेले. त्यात शीर्षकाची अक्षरे दूर दूर ठेवलेली असतात. तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळींमधले अंतर इंग्रजीच्या मापाचे असते, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या एकमेकांना भिडतात. बटणाची उंची ठरलेली असेल तर अनुस्वारच कापला जातो आणि ‘त्यांनी’चे ‘त्यानी’ होते. ‘सबमिट’साठी आखलेल्या बटणात ‘अर्ज सादर करा’ मावत नाही, हे तर रोजचेच. उंची मजकुरावर सोडली आणि ओळींचे अंतर सढळ ठेवले की यातले बरेच सुधारते.

फाँटचेही भान हवे. जोडाक्षरांचे आकार वेगळे साठवावे लागत असल्याने देवनागरी फाँटची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच जड होते. ती उतरेपर्यंत अनेक ब्राउजर तीन सेकंदांपर्यंत मजकूर दाखवतच नाहीत. नेटवर्क अडखळणाऱ्या गावात वाचकासमोर तोवर कोरे पान असते. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’सारखा सुरेख फाँट मोफत मिळतो आणि तो वापरावासा वाटणारच. मी तो शीर्षकांना देईन. चालू मजकुराला फोनमधला देवनागरी फाँट पुरतो; बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो आधीपासून असतो.

सर्वांत जास्त माणसे अडकतात ती अर्जांत. मराठी कीबोर्ड लावलेला माणूस पिनकोड ‘४११०३०’ असा लिहितो आणि अर्ज त्याला चूक ठरवतो, कारण तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी अंक आतल्या आत बदलून घेणारा कोड चार-पाच ओळींचा असतो. नावाच्या रकान्यातली गफलत याहून खोल आहे. ‘फक्त अक्षरे’ असा नियम लिहिला की युनिकोडच्या हिशेबात ‘क’ अक्षर ठरते, पण काना, वेलांटी, अनुस्वार ही वेगळ्या वर्गातली चिन्हे ठरतात आणि ‘सुनीता’ नाव नाकारले जाते. नियमात त्या वर्गाचाही समावेश करावा लागतो. मोबाइल क्रमांकाच्या रकान्याला अंकांचाच कीबोर्ड उघडण्याची सूचना देता येते. ओटीपीच्या रकान्यावर योग्य खूण केली तर अनेक फोन मेसेजमधला आकडा कीबोर्डच्या वरच सुचवतात. नाहीतर माणूस मेसेज बघायला जातो, परत येतो तेव्हा स्वस्त फोनने मेमरी वाचवण्यासाठी पान नव्याने उघडलेले असते आणि भरलेला अर्ज पुसला गेलेला असतो. म्हणून भरलेली माहिती रकान्यागणिक फोनमध्येच जपून ठेवावी. साइट सुरू करण्याआधी असाच एखादा फोन घ्यावा, अक्षरे सर्वांत मोठी करावीत, मराठी कीबोर्ड लावावा आणि ओटीपीसाठी मधेच बाहेर पडून अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा.