येवल्याची पैठणी : विणतंत्र आणि अस्सलतेची ओळख

प्रस्तावना
महाराष्ट्राच्या वस्त्रपरंपरेत पैठणीचे स्थान अनन्यसाधारण आहे. गोदाकाठच्या पैठणवरून तिला नाव मिळाले. तथापि आज तिच्या विणकामाचे प्रमुख केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला हे होय. बाजारात याच नावाने यंत्रमागावरील साड्याही विकल्या जातात. त्यामुळे पैठणीची अस्सलता कशावरून ठरवावी, हा प्रश्न महत्त्वाचा बनला आहे. प्रस्तुत लेखात विणतंत्राच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

विणतंत्र
पैठणीच्या पदरावरील नक्षी छापलेली अथवा भरतकामाने काढलेली नसते. ती वस्त्रासोबतच विणली जाते. सर्वसाधारण विणकामात बाण्याचा धागा धोट्यातून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरात मात्र प्रत्येक रंगाच्या रेशमासाठी स्वतंत्र लहान कांडी असते. विणकर ताण्याचे धागे मोजून ती आवश्यक तेवढ्याच भागातून फिरवतो आणि शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकवून मागे वळवतो. मोर, मुनिया, आसावली, कमळ हे आकृतिबंध याच रीतीने साकारतात. दाट नक्षीच्या पदरास कित्येक महिने लागतात, ते यामुळेच.

अस्सलतेची कसोटी
या पद्धतीने विणलेला पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रमागावर जकार्डच्या साहाय्याने काढलेल्या नक्षीचे धागे मागील बाजूस सुटे लोंबतात. ते कापले तरी टोके उरतात. येवल्यात काठासाठी व अंगावरील नक्षीसाठी हातमागावरही जकार्ड वापरले जाते. म्हणून ही कसोटी पदरालाच लावणे उचित ठरते.

कायदेशीर संरक्षण व मर्यादा
भौगोलिक चिन्हांकन कायदा 1999 साली संमत होऊन 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. त्याअन्वये 2010 मध्ये पैठणीची नोंदणी झाली. या नोंदणीमुळे नावाच्या गैरवापराविरुद्ध दाद मागता येते. परंतु दुकानात साडी निवडणाऱ्या ग्राहकास दोन पदरांतील भेद कळत नसेल, तर हातमागाची किंमत त्यास अवाजवी वाटते. मागणी घटली की विणकराच्या मुलांना मागावर बसण्याचे कारण उरत नाही.

समारोप
पैठणीचे जतन नोंदणीइतकेच ग्राहकाच्या जाणतेपणावर अवलंबून आहे. गृहविज्ञान, वाणिज्य व इतिहास या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी येवल्यातील मागांची अभ्यासभेट योजल्यास हा जाणतेपणा वर्गातूनच घडू शकेल. पदर उलटून पाहण्याची सवय ही त्याची पहिली पायरी होय.