पार्लर, सलून आणि सोपा

‘पार्लरला जाऊन येते’ असं मेढ्यातली मुलगी म्हणते, तेव्हा कुठलं पार्लर हे विचारावं लागत नाही. आइस्क्रीमचं किंवा पानाचं असेल तर तसं सांगतात; नुसतं पार्लर म्हणजे ब्युटी पार्लर. पुरुष जातो तो सलूनला. केस दोन्हीकडे कापतात, पण शब्द वेगळे. दोन्ही शब्द इंग्रजीतून आपल्याकडे दुकानाची नावं म्हणून आले. मुळात मात्र ती घरातल्या खोल्यांची नावं होत.

पार्लरच्या मुळाशी बोलणं या अर्थाचं फ्रेंच क्रियापद आहे. मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांत बराच वेळ मौन पाळावं लागे. भेटायला आलेल्यांशी बोलण्यासाठी एक खोली राखून ठेवलेली असे, ती पार्लर. पुढे घरातल्या बसायच्या खोलीला हे नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज-अमेरिकी मध्यमवर्गीय घरात ती सर्वांत नीटनेटकी खोली. चांगल्या खुर्च्या तिथे, पियानो तिथे, आणि घरात कुणी गेलं तर अखेरच्या दर्शनासाठी देहही तिथेच ठेवत. अमेरिकेतल्या दुकानदारांनी हे नाव उचललं. गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाच, असं त्यातून सुचतं. आइस्क्रीम पार्लर झालं, ब्युटी पार्लर झालं, अंत्यविधीची सोय करणारं फ्युनरल पार्लरही झालं. घरात लिव्हिंग रूम आली आणि पार्लर बाजारात राहिलं.

सलून हा इटालियन ‘साला’चा, म्हणजे दालनाचा, वंशज. मोठं दालन ते ‘सालोने’, फ्रेंचमध्ये ‘सालों’. सतराव्या-अठराव्या शतकांत पॅरिसच्या सालोंमध्ये लेखक, विचारवंत जमत, आणि या बैठका भरवीत त्या बहुधा स्त्रियाच. मादाम द रांबुये, मादाम जोफ्रँ ही त्यांतली गाजलेली नावं. इंग्रजीत हा शब्द जहाजावरच्या दालनाला, रेल्वेच्या खास डब्याला आणि अमेरिकेत दारूच्या गुत्त्यालाही लागला. आपल्याकडे तो न्हाव्याच्या दुकानावर चढला आणि पुरता पुरुषांचा झाला. शब्दांना असली थट्टा जमते.

बसायची जागा आणि धंद्याची जागा यांचं नातं तसं जुनंच. अरबी ‘दुक्कान’ म्हणजे दुकान, तसाच बसायचा ओटाही. इंग्रजी ‘शॉप’चं जर्मन भावंड पडवीला म्हणतात. बँकेच्या मुळाशी सराफाचा बाक आहे. आपला दिवाणखाना तर कचेरीतूनच घरात आला. फारसी ‘दीवान’ म्हणजे आधी नोंदवही, मग कचेरी, दरबार, दरबारातली भिंतीलगतची बैठक. आणि आता आत गाद्या-गोधड्या कोंबायचा दिवाण.

दिवाणखाना वाड्यांचा. जावळीच्या खोऱ्यात शेतकऱ्याच्या घराला असतो तो सोपा. पावसाळ्यात इथे दिवसच्या दिवस बाहेर पडता येत नाही, तेव्हा सोपा हीच गावाची चावडी. तिथे वाटसरू टेकतो, भावकीचे तंटे निघतात, सोयरिकी ठरतात. कुणी ‘बसू का’ म्हणून विचारत नाही. मात्र ही मोकळीक पुरुषांची. सुनेनं सोप्यात बसायचं नाही, तिचं बोलणं माजघरात, तेही हलक्या आवाजात. सोप्याविषयी हळहळून लिहिणाऱ्यांच्या लेखांतून ही गोष्ट हमखास सुटते.

इथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले, पुष्कळसे माथाडी कामाला. तिकडच्या पैशातून इकडे घरं नव्यानं बांधली गेली, आणि त्या घरांत हॉल आला. हॉलला दार असतं, दाराला ग्रिल. सोपा गेला, सोफा आला. हॉलमध्ये आता सूनही बसते, पण टीव्हीसमोर, आणि सासरा शेजारी असतोच.

मेढ्याच्या बाजारपेठेत पार्लरच्या दारावर पडदा असतो आणि ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी. शब्दाचा मठातला अर्थ तिथे कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. आत काय बोलणं चालतं ते मला कळायची सोय नाही. भुवया कोरायला फार तर दहा मिनिटं लागत असतील. बायका तासाभरानं बाहेर येतात.