सर्पदंशाचा रुग्ण आणि आपले कर्तव्य

आरोग्यसेवेचे प्रशिक्षण घेऊन आपण उद्या खेड्यापाड्यांत जाणार आहात. पावसाळा सुरू झाला की तेथे सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. म्हणून त्याविषयी मूलभूत माहिती येथे देत आहोत.

आपल्याकडे मुख्यतः चार साप घातक ठरतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. पापण्या खाली येतात, बोलता-गिळता येत नाही व शेवटी श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास चावते. दंशाची खूण दिसतेच असे नाही. पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाच्या पापण्या म्हणूनच अवश्य पाहाव्यात.

रुग्णास धीर द्यावा, चालवू नये. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढावीत. दंश झालेला हात किंवा पाय फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते. तिला तात्काळ बोलवावे. दोरी बांधूनच रुग्ण आणला असेल, तर ती डॉक्टरांसमोरच सोडावी.

रुग्णालयात एक साधी चाचणी करतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. नंतर नळी तिरपी केल्यावर रक्त वाहिले, तर ते गोठलेले नाही असे समजावे. नळी साबणाने धुतलेली वा प्लॅस्टिकची असल्यास निष्कर्ष चुकतो. प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून आणण्याची गरज नाही. मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते, कारण साप विष सोडताना वय पाहत नाही.

मग मांत्रिकाकडे माणसे बरी कशी होतात? बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी विष न सोडता चावतो. असा रुग्ण मंत्राविनाही वाचलाच असता. मात्र खरोखर विष भिनलेल्याचा तेथे गेलेला तास परत मिळत नाही. ही गोष्ट आपण वस्तीवस्तीत समजावून सांगितली, तर आपले शिक्षण सार्थकी लागेल.