फटफटीची निवड : रोजचा रस्ता आणि घाटाची वाट

कोल्हापूरच्या माणसाला यंत्राचे वेड जुने आहे. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या भट्ट्यांतून मोटारगाड्यांचे ओतीव भाग आजही बाहेर पडतात. आणि इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचे दुखणे सांगणारे मिस्त्री आपल्या गावात पेठोपेठी भेटतात. अशा गावात मोटारसायकल कशी निवडावी यावर बोलणे म्हणजे तालमीत जाऊन पैलवानांना जोर कसे काढावेत हे शिकवण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्र ओळखणे वेगळे आणि आपल्याला कोणते यंत्र हवे हे ओळखणे वेगळे. पहिली विद्या येथे भरपूर आहे. दुसरीसंबंधी चार गोष्टी मांडाव्यात, एवढाच आमचा हेतू.

प्रश्न असा आहे. एखाद्या गृहस्थाला सोमवार ते शनिवार शिवाजी पेठेतून निघून बिंदू चौक, दसरा चौक ओलांडीत कचेरी गाठावयाची आहे. रविवारी अथवा सुटीला त्याला जोतिबा-पन्हाळा करावयाचा आहे, आणि वर्षातून काही वेळा गगनबावड्याहून करूळ घाटाने, शाहूवाडीकडून आंबा घाटाने, राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाटाने किंवा आंबोलीवरून कोकणात उतरावयाचे आहे. शंभर घनसेंटिमीटरची छोटी गाडी त्याला अपुरी वाटते. फार मोठी गाडी परवडत नाही आणि आवरतही नाही. मग तो मध्यम गाडीकडे, म्हणजे साधारणपणे ३५० ते ४५० घनसेंटिमीटरच्या गाडीकडे वळतो.

एके काळी या वर्गात निवडीचा प्रश्नच नव्हता. १९५५ साली मद्रासेत एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि बुलेट देशात जुळू लागली. १९६१ पासून म्हैसूरहून जावा येऊ लागली. जे मिळेल ते घ्यावे, असा तो काळ होता. आज रॉयल एन्फिल्डच्या क्लासिक, हंटर, हिमालयन, होंडाची सीबी ३५०, शिवाय बजाजच्या चाकणच्या कारखान्यातून निघणाऱ्या केटीएम आणि ट्रायम्फ, असा बाजार भरलेला आहे. पर्याय वाढले की जाहिरातीला बळ येते, आणि जाहिरात नेहमी डोंगरमाथ्यावर उभी असलेली गाडी दाखविते. दसरा चौकात सिग्नलला खोळंबलेली गाडी ती कधी दाखवीत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज अश्वशक्तीविषयी आहे. घाट चढावयाचा म्हणजे प्रचंड शक्ती हवी, असे पुष्कळांना वाटते. थोडे गणित करून पाहू. गाडी १९० किलो, दोन माणसांचे १३० किलो आणि सामान १५ किलो, मिळून ३३५ किलो ओझे झाले. रस्त्याचा चढ पंधरास एक, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची, असा धरू. वेग ताशी ४० किलोमीटर. हे ओझे वर उचलण्यास सुमारे सव्वातीन अश्वशक्ती लागते. वारा आणि टायरचे घर्षण यांसाठी आणखी दीड धरा. एकूण बेरीज पाचाच्या आत राहते. हिरो स्प्लेंडरसारखी छोटी गाडी सुमारे आठ अश्वशक्ती देते. म्हणूनच पाठीमागे माणूस आणि मध्ये पिशवी घेऊन स्प्लेंडर घाट चढताना आपण रोज पाहतो.

मग मोठी गाडी घ्यावयाची कशासाठी? त्याचे उत्तर घाटापेक्षा महामार्गावर सापडते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो मोडण्यास लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट केला की वाऱ्यापायी आठपट शक्ती खर्ची पडते. हेच ओझे घेऊन पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी ८० किलोमीटरने जावयाचे, तर सपाटीवरसुद्धा साडेसात अश्वशक्ती लागते. छोटी गाडी तेथे आपले सर्वस्व पणाला लावून धावत असते. समोरचा ट्रक ओलांडण्यास तिच्यापाशी काही शिल्लक नसते. वीस अश्वशक्तीची गाडी तेच काम निम्म्याहून कमी बळात करते. शिल्लक राहणाऱ्या या बळासाठीच आपण पैसे मोजतो. या हिशेबाने वीस अश्वशक्ती बहुतेकांना पुरेशी आहे. चाळीस अश्वशक्तीची गाडी वाईट नव्हे. पण तिच्या उरलेल्या वीस अश्वशक्ती आपण कोठे वापरणार, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारावे.

अश्वशक्तीहून अधिक महत्त्वाचा आकडा टॉर्कचा, म्हणजे गाडीच्या ओढीचा. आणि त्यातही ही ओढ इंजिनाच्या किती फेऱ्यांना मिळते, ते पाहावयाचे. विहिरीवरचे जुने ऑइल इंजिन ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. ते सावकाश फिरे, पण पाणी ओढताना थांबत नसे. होंडाची सीबी ३५० मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ३० न्यूटन-मीटर टॉर्क देते. २०२१ साली नवे इंजिन घेऊन आलेली क्लासिक ३५० ही ४,००० फेऱ्यांवर २७ देते. उलट २०२३ साली आलेल्या हिमालयन ४५० चा कमाल टॉर्क ४० आहे, पण तो ५,५०० फेऱ्यांवर. आणि त्याच वर्षीच्या ट्रायम्फ स्पीड ४०० चा ३७.५ आहे, तो ६,५०० फेऱ्यांवर. दुसऱ्या जोडीचे आकडे मोठे आहेत, यात शंका नाही. मात्र ते पदरात पाडून घेण्यासाठी इंजिन जोरात फिरवावे लागते. महाद्वार रोडच्या गर्दीत कोणी तसे करीत नाही. तेथे, आणि घाटातल्या आवळ वळणावर, कमी फेऱ्यांची ओढ कामास येते. वारंवार गिअर पाडावा लागत नाही आणि डावा हात दुखत नाही.

यानंतर वजन. स्प्लेंडर ११२ किलोची आहे. सीबी ३५० सुमारे १८१, क्लासिक १९५ आणि हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची. धावत्या गाडीचे वजन जाणवत नाही. ते थांबताना, वळविताना आणि ढकलताना जाणवते. पेठेतल्या बोळात गाडी मागे घ्यावयाची, उतारावर तोंड करून लावलेली गाडी बाहेर ओढावयाची, पावसात निसरड्या फरशीवर पाय टेकावयाचा, या वेळी वीस किलोचा फरक सबंध आठवड्याचा फरक ठरतो. बैठकीची उंचीही पाहावी. क्लासिकची ८०५ मिलिमीटर आहे, हिमालयनची ८२५. ज्याचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकत नाहीत त्याने कितीही सुंदर गाडी घेऊ नये. गाडी पडते ती बहुधा उभी असताना पडते.

आता घाटाकडे येऊ. आमच्या मते गाडीची खरी परीक्षा चढताना होत नाही, उतरताना होते. वर सांगितलेले ३३५ किलो ओझे ५०० मीटर खाली उतरले, तर त्यातून निघणारी ऊर्जा पाच लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. तिचा बराच भाग वारा आणि टायर परस्पर गिळतात. उरलेला भाग इंजिनाने सोसावयाचा की ब्रेकने, एवढेच ठरविणे आपल्या हाती असते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, असा ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे. तो मोटारसायकलीलाही तितकाच लागू आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे धरते, आणि ब्रेक खऱ्या गरजेसाठी थंड राहतात.

याच्या नेमके उलट वागणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. पेट्रोल वाचावे म्हणून न्यूट्रल करून, कधी इंजिनही बंद करून, ते घाट उतरतात. यातला हिशेबसुद्धा चुकीचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाले, आणि या वर्गातल्या नव्या गाड्यांना पेट्रोल इंजेक्शनने मिळते. अशी गाडी गिअरमध्ये असताना मूठ पूर्ण सोडली की इंजेक्शन पेट्रोल तोडते आणि इंजिन नुसते चाकाच्या बळावर फिरते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे बचत नाहीच, वर सगळे ओझे ब्रेकवर. सतत दाबून तापलेल्या ब्रेकमधले तेल उकळू लागले की मूठ दाबूनही गाडी थांबत नाही. हे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे.

थांबण्याचे अंतरही वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ४० ऐवजी ६० ने वळणावर आलो, तर ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास सव्वादोनपट रस्ता लागतो. ओल्या रस्त्यावर तो आणखी वाढतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरवरील प्रत्येक नव्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक जाम न होऊ देणारी ब्रेकव्यवस्था, सक्तीची आहे. ती एकाच चाकाला आहे की दोन्ही चाकांना, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे आणि दोन्ही चाकांना असलेलीच गाडी घ्यावी. टायर ट्यूबलेस असल्यास उत्तम. करूळच्या मध्यावर पंक्चर झाले तर याचे मोल कळते. दिव्याकडेही दुर्लक्ष नको. आपल्या भागात गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या, पुष्कळदा मागे दिवा नसलेल्या, रस्त्याने चाललेल्या असतात. दाजीपूरच्या बाजूला गवा रस्त्यावर येतो. आणि पावसाळ्यात गगनबावड्याला धुके उतरले की दहा पावलांपुढचे दिसत नाही.

आणखी एका व्यक्तीचा विचार निवडीत क्वचित होतो; ती म्हणजे मागे बसणारी व्यक्ती. पुष्कळ देखण्या गाड्यांची मागली बैठक तळहाताएवढी असते आणि धरावयास काही नसते. ज्या गृहस्थाला पत्नीसह गणपतीपुळ्यास जावयाचे आहे त्याने ती बैठक, पाय ठेवण्याची जागा, साडी चाकात जाऊ नये म्हणून असलेली जाळी आणि मागचे स्प्रिंग घट्ट करण्याची सोय या चार गोष्टी तिलाच पाहू द्याव्यात. हेल्मेटही दोघांना हवे. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, आणि डांबर दोघांच्याही डोक्याला सारखेच कठीण आहे.

शेवटी पैशाचा विचार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरील गाड्यांचा ४० टक्के झाला. ही रेषा करखात्याची आहे, यंत्रशास्त्राची नव्हे. पण खिशाला ती जाणवते. पेट्रोलचा हिशेब त्याहून लांब चालतो. रोज २५ किलोमीटर आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर ७,५०० किलोमीटर होतात. लिटरला ६० किलोमीटर देणारी छोटी गाडी त्यासाठी १२५ लिटर पेट्रोल घेते. ३० देणारी मध्यम गाडी २५० लिटर. वरच्या १२५ लिटरांना पंपावरचा भाव लावून प्रत्येकाने पाहावे, आणि कर्जाचा हप्ता त्यात मिळवावा.

तेव्हा आमचा सल्ला असा. गाडी पाहावयास जाण्यापूर्वी मागच्या वर्षात आपण कोणत्या रस्त्याने किती दिवस गेलो, हे कागदावर लिहावे. घाट वर्षातून एकदोनदाच होत असेल तर आहे तीच छोटी गाडी ठेवावी, तिचे टायर व ब्रेक नवे करावेत आणि सावकाश जावे. तीत कमीपणा काही नाही. महिन्यातून एकदा तरी दोघांनी घाटरस्त्याला जावयाचे असेल, तर ३५० च्या आतली, वीसएक अश्वशक्तीची, कमी फेऱ्यांना ओढणारी आणि दोन्ही चाकांना एबीएस असलेली गाडी आपल्या भागात बहुतेकांचे काम पुरते भागवील. खडबडीत रानवाटांचा किंवा दूरच्या हिमालयाचा ज्यांना खरोखर ध्यास आहे, आणि ज्यांचे पाय जमिनीला पोचतात, त्यांनी उंच गाडीचा विचार करावा.

निर्णयापूर्वी गाडी चालवून पाहावी, ती एकट्याने नव्हे तर जोडीने, आणि सपाट रस्त्यावर नव्हे तर चढावर थांबून पुन्हा निघताना. ती हाताने ढकलून मागे घ्यावी. दुसऱ्या गिअरमध्ये मूठ सोडून उतारावर ती कशी धरते, ते पाहावे. दुरुस्तीचे ठिकाण घरापासून किती दूर आहे, याची चौकशी करावी. अर्ध्या तासाच्या या परीक्षेत जी गाडी त्रास देत नाही, ती पुढची दहा वर्षेही फारसा त्रास देणार नाही. आणि घरच्यांना घेऊन घाट उतरताना आपले लक्ष गाडीवर न राहता रस्त्यावर राहील.